ओजिब्वे कविता, गायकवृंद आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी: रचना कशी बांधावी

चाल सुचण्याआधी कवितेच्या मात्रा मोजा. अमेरिका आणि कॅनडातल्या पंचमहासरोवरांच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या ओजिब्वेत स्वर ऱ्हस्व की दीर्घ यावर शब्द ठरतो. लघु-गुरू कानात असलेल्या मराठी संगीतकाराला हे पटकन उमगेल. अ, इ, ओ या स्वरांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन्ही रूपं आहेत. ए मात्र कायम दीर्घ.

आघाताचा नियम असा: दीर्घ स्वर नेहमी ठाशीव, शब्दाचं शेवटचं अक्षरही ठाशीव. सलग ऱ्हस्व आले तर पहिला दुबळा, दुसरा ठाशीव. 'अनिशिनाबे' (ओजिब्वे लोकांचं स्वतःचं नाव) या शब्दात 'अ' आणि 'शि' दुबळे, 'नि', 'ना', 'बे' ठाशीव. म्हणून 'अ' समेच्या आधी उचला, सम 'नि'वर घ्या, 'शि' निसटता ठेवा आणि 'ना' त्याच्या दुप्पट लांब करा. 'अ'वर सम दिली की शब्द परका वाटतो. पूर्वेकडच्या बोलींत दुबळे स्वर गळतात आणि हाच शब्द 'निश्नाबे' होतो: पाच अक्षरांची तीन. त्यामुळे कवीची बोली कोणती, हे आधी विचारून घ्या.

जिवंत कवीकडून लेखी परवानगी घ्या; तिच्यात गायन, ध्वनिमुद्रण आणि आवाजावरची प्रक्रिया या तिन्हींचा वेगळा उल्लेख हवा. ओजिब्वे कवयित्री जेन जॉन्स्टन स्कूलक्राफ्ट (१८००–१८४२) यांच्या ओजिब्वे कविता हक्कमुक्त आहेत, पण जुन्या लेखनातून स्वरांची लांबी नीट कळत नाही. त्या कविता भाषकाकडूनच म्हणवून घ्या. विधींची गाणी आणि ढोल यांचे तुकडे सॅम्पल म्हणून वापरू नका, ती कुणाची तरी श्रद्धा आहे.

आता डिले, म्हणजे आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारा इफेक्ट. सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. लय मिनिटाला ६० मात्रांची असेल तर अर्ध्या मात्रेचं ऱ्हस्व अक्षर ५०० मिलिसेकंदांचं. डिले २५० वर ठेवला तर पडसाद त्याच अक्षरावर चढतो आणि ऱ्हस्व स्वर दीर्घ ऐकू येतो. डिले १५०० च्या पुढे न्या, फीडबॅक (पडसाद किती परत फिरतो ते) २०–२५ टक्के ठेवा, आणि शक्य असेल तर फक्त दीर्घ स्वरच डिलेकडे पाठवा. रिव्हर्बला (घुमाऱ्याला) ३०–४० मिलिसेकंदांचा प्री-डिले, म्हणजे सुरू होण्याआधीचा उशीर, द्या, म्हणजे व्यंजन आधी पोहोचतं आणि शेपूट मागून येते. 'गीझिग' म्हणजे दिवस किंवा आकाश, 'गीझिक' म्हणजे सीडारचं झाड. शेवटचं व्यंजन रिव्हर्बमध्ये बुडालं की दोन्ही एकच होतात. दगडी चर्चमध्ये रिव्हर्ब बंदच ठेवा.

ड्रोनमध्ये, म्हणजे तंबोऱ्यासारख्या अखंड सुरात, फक्त षड्ज-पंचम भरा. गायकवृंद शुद्ध गंधार कीबोर्डपेक्षा सुमारे १४ सेंट (एका अर्धस्वराचे १०० सेंट) खाली गातो; ड्रोनमध्ये कीबोर्डचा गंधार असेल तर दोन्ही एकमेकांवर थरथरतात आणि गायक गोंधळतात.

क्लिक (लयीची टिकटिक) फक्त संचालकाच्या कानात. स्पीकर गायकांच्या पुढे, दोन्ही बाजूंना. मागे ठेवले तर माइक शिट्टी मारतो. तालमीला भाषा जाणणाऱ्या कुणाला शेवटच्या रांगेत बसवा आणि कानावर पडलेले शब्द लिहायला सांगा. जिथे शब्द हुकतो तिथे गायकांचा आवाज चढवण्याऐवजी इलेक्ट्रॉनिक ट्रॅकमधला २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा ३–४ डेसिबलने उतरवा.