वर्गणीवरचा लघुपट: सांगली-साताऱ्यातून पहिली मोहीम उभी करताना

गणपती मंडळाची पोरं वर्गणीला येतात तेव्हा त्यांच्याकडे तीन गोष्टी असतात. नंबर घातलेलं पावती पुस्तक, गेल्या वर्षी कोणी किती दिले त्याची वही, आणि सोबत गल्लीतला असा एक माणूस की ज्याला नाही म्हणणं जड जातं. क्राउडफंडिंगचा, म्हणजे इंटरनेटवरून लोकवर्गणी गोळा करण्याचा, पायाही हाच. साइट, व्हिडिओ, भेटवस्तू हे सगळं त्यावर रचायचं. पहिली मोहीम करणारा मात्र बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू करतो: साइटवर पान टाकलं, दहा ग्रुपवर लिंक फिरवली, आता पैसे येतील. येत नाहीत. अनोळखी माणूस पान वाचून पैसे देत नाही. ओळखीच्यांनी आधीच भरलेला आकडा बघून देतो.

सांगलीला ही गोष्ट नवी नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयावर. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय आटला, आणि मंडळी दौऱ्यावर निघाली. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. राजाकडून लोकांकडे जायची वेळ तेव्हाही पोटापाण्यामुळेच आली होती.

नवख्यांच्या तोंडी दाखला असतो तो १९७६ च्या 'मंथन'चा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले आणि सिनेमा झाला. खरं आहे, पण त्यामागे सहकारी दूध संघाची उभी यंत्रणा होती. ती नसताना दोन-दोन रुपये गोळा करायला गेलात तर पैशांपेक्षा चपला जास्त झिजतील. दुसऱ्या टोकाला २०१३ चा कन्नड 'लुसिया': तिथे शंभरावर लोकांनी मिळून पन्नास लाखांच्या आसपास रक्कम उभी केली. तुमचं गणित या दोहोंच्या मधे कुठेतरी बसेल, आणि ते कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

समजा २० मिनिटांचा लघुपट आहे, तासगावकडच्या एका वस्तीवर ४ दिवस शूटिंग आहे, कलाकार-तंत्रज्ञ धरून १८ माणसं आहेत. खालचे दर नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही विचारून घाला. कॅमेरा, लेन्स, लाइट माणसांसकट दिवसाला १८,००० प्रमाणे ७२,०००. साउंड रेकॉर्डिस्ट त्याच्या सामानासह २४,०००. नाष्टा, चहा आणि दोन वेळचं जेवण माणशी ३५० धरून २५,२००. गाड्या आणि मुक्काम २८,०००. मानधन ६०,०००. कपडे आणि कलादिग्दर्शन १८,०००. जनरेटर डिझेलसह १४,०००. शेतीच्या लाइनवर लाइट लावायचा विचारसुद्धा करू नका, ती कधी दिवसा असते, कधी रात्री. एडिटिंग, कलर, साउंड मिक्स, सबटायटल ६५,०००. दोन हार्डडिस्क १४,०००. फेस्टिव्हलच्या प्रवेश फी २०,०००. बेरीज ३,४०,२००. त्यावर दहा टक्के अडीअडचणीचे धरले की पावणेचार लाख होतात.

बहुतेकजण इथेच थांबून पावणेचार लाख मागतात आणि फसतात. वर्गणीदारांना द्यायच्या वस्तूंचे २५,००० त्यात नाहीत. साइटचं कमिशन, पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे वळते करणाऱ्या सेवेचा) आकार आणि त्या दोन्हींवरचा १८ टक्के जीएसटीही नाही. कमिशन ५ टक्के आणि गेटवे अडीच टक्के धरला, तर जीएसटीसकट जवळपास ९ टक्के कापले जातात. म्हणजे हातात ४ लाख पडायला हवे असतील तर मागणी ४ लाख ४० हजारांची हवी. साइटचे दर बदलत असतात, म्हणून करार वाचून हा आकडा पुन्हा काढा.

आता हे पैसे कोण देणार? १५,००० देणारे ८ जण, ३,००० देणारे ४०, १,००० देणारे १०० आणि ५०० देणारे २००. झाले ४,४०,०००. एकूण माणसं ३४८. स्वतः फोन करून मागितलं तर पाचातला एक देतो असं धरून चाला; हा अंदाजाचा नियम आहे, पण यापेक्षा जास्त आशा धरली की हिशेब कोसळतो. म्हणजे यादीत १,७४० नावं पाहिजेत. तिघांनी वाटून घेतली आणि ४० दिवस मिळाले तर प्रत्येकाला रोज १५ फोन. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर सिनेमा लहान करा, किंवा शूटिंग पदरच्या पैशांत उरकून वर्गणी फक्त एडिटिंग आणि साउंडसाठी मागा. पहिल्या मोहिमेला हा दुसरा रस्ता आम्हाला जास्त पसंत आहे, कारण मागताना दाखवायला खरी दृश्यं असतात.

यादीला तीन रकाने करा: नक्की, बहुधा, बघू. नक्कीवाल्यांशी मोहिमेच्या आधीच बोलणं झालेलं असावं, रकमेसकट. पान उघडल्यावर पहिल्या तीन दिवसांत लक्ष्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे दीड लाखाच्या आसपास, यांच्याकडून पडायला हवा. 'चार लाख चाळीस हजारांपैकी दोन हजार जमले' असं पान दहा दिवस दिसत राहिलं की ज्याला द्यायचे होते तोही हात आखडता घेतो.

यादीत कोण असावं याबद्दल आपल्या भागाला एक फायदा आहे. इथली माणसं बाहेर आहेत आणि तरी गावाला धरून आहेत. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोनं-चांदी आटवण्याच्या धंद्यात देशभर पसरलेत. जावळी-पाटणची माणसं माथाडी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आहेत. यात्रेची, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी ही मंडळी न चुकता पाठवतात. त्यांना लिंक टाकून उपयोग नाही, फोनच करावा लागतो, तोही दुकान बंद झाल्यावर. आणि पहिलं वाक्य सिनेमाबद्दल नको, गावाबद्दल हवं: कुठल्या वस्तीवर शूटिंग आहे, कुणाच्या वाड्यात आहे, गावातलं कोण काम करतंय.

तारखा ठरवताना पंचांगापेक्षा पीकपाणी बघा. श्रावण ते गणपती प्रत्येक दारात आधीच चार पावत्या फाटलेल्या असतात. जून शाळेच्या फीचा. ऊसबिलाची पहिली उचल साधारण डिसेंबर-जानेवारीत हातात येते, आणि मार्चअखेरीला सोसायटीच्या भरण्यासाठी सगळ्यांची ओढाताण सुरू होते. मधली फट आपली. २५ जानेवारी ते ५ मार्च हे ४० दिवस घेतले तर नोकरदारांच्या पगाराच्या तारखाही दोन येतात.

साइट निवडताना एकच प्रश्न आधी विचारा: लक्ष्य गाठलं नाही तर पैसे परत जातात, की जमले तेवढे मिळतात? पूर्ण सिनेमा करायचा असेल तर 'सगळे नाहीतर काहीच नाही' ही पद्धत प्रामाणिक. दीड लाखात चार लाखांचा सिनेमा होत नाही, आणि ते दीड लाख घेऊन बसलेल्या दिग्दर्शकाची अवस्था वाईट असते. एडिटिंगसाठी मागत असाल तर जमेल तेवढं घेणारी पद्धत चालते. किकस्टार्टर ही अमेरिकी साइट पहिल्या, म्हणजे 'सगळे नाहीतर काहीच नाही' पद्धतीची आहे, पण भारतात राहून भारतातल्या खात्यावर तिथे मोहीम काढता येत नाही. केट्टो आणि मिलाप या भारतीय साइट प्रामुख्यानं उपचार आणि समाजकार्यासाठी ओळखल्या जातात. तिथे कलेचं पान काढण्याआधी त्यांच्या माणसाशी बोलून घ्या.

खातं वेगळं काढा. पॅनवरचं नाव, खात्यावरचं नाव आणि साइटवरचं नाव अक्षरन्‌अक्षर एक असू द्या. आडनावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षरापायी रक्कम अडकून पडते. गावात बरेचजण साइटवर न जाता सरळ यूपीआय करतात किंवा रोख देतात. त्यांच्यासाठी कार्बन असलेलं पावती पुस्तक छापून घ्या आणि तेच आकडे रोज रात्री एका वहीत चढवा. स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका. बारा आकडी यूपीआय क्रमांक बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसला की मगच पावती.

कायद्याचा भाग कंटाळवाणा आहे, पण इथली चूक सगळ्यात महाग पडते. 'सिनेमा चालला तर नफ्यात वाटा देऊ' किंवा 'वर्षानं दीडपट परत' असं कुणालाही लिहू नका, फोनवर बोलूही नका. परताव्याचं आमिष दाखवून लोकांकडून पैसे घेतले की ती वर्गणी राहत नाही, ठेव किंवा गुंतवणूक होते. त्यावर सेबीचे (शेअर बाजार आणि गुंतवणुकीवर देखरेख करणाऱ्या संस्थेचे) नियम आहेत, महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे आणि केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवरच्या बंदीचा कायदा आहे. दामदुपटीच्या योजनांनी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हात पोळलेली माणसं कमी नाहीत. तसा वास जरी आला तरी ती दार लावून घेतील. खरंच गुंतवणूकदार हवेत तर कंपनी काढून सीएकडे जा. तिथेही खासगी वाटपाला, म्हणजे निवडक लोकांना शेअर देण्याला, वर्षाला २०० जणांची मर्यादा आहे.

कर: मोबदला न देता नातेवाइकांव्यतिरिक्त लोकांकडून मिळालेली रक्कम वर्षात ५०,००० च्या वर गेली की सगळीच करपात्र होते. वस्तू किंवा सेवा देत असाल तर ती धंद्याची मिळकत, आणि मग खर्च वजा करता येतो. म्हणून प्रत्येक बिल जपा, जेवणाच्या पावतीपासून. मोहीम आणि शूटिंग एकाच आर्थिक वर्षात बसलं तर हिशेब सोपा जातो. आपल्या तारखांना ते बसत नाही, हे सीएला आधीच सांगून ठेवा. देणगीदाराला मिळणारी आयकराची सवलत (८०जी म्हणून ओळखली जाणारी) फक्त त्यासाठी नोंदलेल्या संस्थांच्या देणगीवर मिळते, तुमच्या नाही. दुबईतला भारतीय पासपोर्टवाला मित्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर अडचण नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या काकांचे पैसे मात्र परदेशी देणगीच्या कायद्यात येऊ शकतात, मग ते ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक म्हणून नोंदलेले) असले तरी. विचारून घ्या.

व्हिडिओ दोन मिनिटांचा पुरे. पहिल्या पंधरा सेकंदांत कोण, काय आणि किती. आवाजाला कॉलर माइक लावा, पंखा बंद करा, मागे सिनेमाचं गाणं लावू नका.

भेटवस्तूंमध्ये हात सैल सोडणारे खूप. टी-शर्ट नको, मापं विचारण्यात आठवडा जातो आणि तरी चुकतात. सांगलीचं भडंग पाठवायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. पण कुरिअरवाला वजन काट्यावरचं किंवा आकारमानाचं, जे जास्त असेल ते धरतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० नं भागायचं: ३० बाय २५ बाय १५ चा खोका सव्वादोन किलोचा होतो, आत भडंग अर्धा किलोच असलं तरी. साताऱ्याचे कंदी पेढे उन्हाळ्यात लांबच्या पार्सलला जोखमीचे. तासगावचा बेदाणा उत्तम: जड, आटोपशीर, टिकाऊ. अर्धा किलो आणि कुरिअर मिळून २५० रुपये धरले तर ३,००० च्या ४० वर्गणीदारांचे १०,०००. हजारवाल्यांना सही केलेलं घडीचं पोस्टर, ८० प्रमाणे ८,०००. मोठ्या आठ जणांना फ्रेम केलेलं दृश्य, ८०० प्रमाणे ६,४००. पाचशेवाल्यांना श्रेयनामावलीत नाव. २५,००० त भागलं.

श्रेयनामावलीला कमी लेखू नका. देवळाच्या पायरीवर आणि एसटी स्टँडच्या बाकावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं वाचत आपण मोठे झालो. पडद्यावर आईचं नाव येणार म्हटल्यावर तीन हजार देणारा पंधरा देतो. नाव कसं हवं ते देवनागरीत लेखी मागवा. श्रेयनामावली पक्की झाल्यावर वेलांटी दुरुस्त करायला पुन्हा पैसे लागतात.

सिनेमाची लिंक लगेच देण्याचं वचन टाळा. कित्येक फेस्टिव्हल आधी ऑनलाइन आलेला लघुपट घेत नाहीत. 'फेस्टिव्हल फेरी संपल्यावर पासवर्डसह' असं लिहा. वर्गणीदारांसाठी निमंत्रितांचा खेळ ठेवायला सांगलीत भावे नाट्यमंदिर आणि साताऱ्यात शाहू कलामंदिर आहे, पण साडेतीनशे माणसांना कॉलेजचं सभागृह पुरतं. तिकीट लावून जाहीर खेळ करायचा असेल तर आधी सेन्सॉर प्रमाणपत्र लागेल.

मोहिमेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आकडा हलत नाही. सगळ्यांचंच असं होतं. त्या दिवसांसाठी काहीतरी राखून ठेवा: मुख्य भूमिकेतलं नाव, पहिलं दृश्य, किंवा 'या आठवड्यात पन्नास नवे वर्गणीदार आले तर मी आणखी दहा हजार घालतो' म्हणणारा एखादा बागायतदार. आणि 'बघतो' म्हणणाऱ्याला तिथेच तारीख विचारा: "एक तारखेनंतर फोन करू का?" हो म्हणाला तर तो बहुधाच्या रकान्यात, नाहीतर यादीतून बाहेर. शेवटचे पाच दिवस या तारखावाल्यांचे.

पैसे आल्यावर दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला चार ओळी पाठवा, काम अडलं असेल तेव्हा तर नक्की. उशीर झाला म्हणून वर्गणीदार चिडत नाही, गप्प बसलात म्हणून चिडतो. सिनेमा झाला की जमाखर्च छापा, मंडळ अनंत चतुर्दशीनंतर फलकावर लावतं तसा: जमा किती, कमिशन किती, कॅमेऱ्याला किती, जेवणाला किती, शिल्लक किती. शिल्लक तीन हजार असेल तर ती कुठे जाणार तेही लिहा. ही यादी आणि हा कागद सोबत ठेवा, पुढच्या सिनेमाच्या 'नक्की' रकान्यातली पहिली नावं यातूनच भरायची आहेत.