डॉकरमधला रेल्स सर्व्हर ‘आधीच चालू आहे’ म्हणून बंद पडतो? माझा अनुभव

लक्षण: लॅपटॉप अचानक बंद झाला, की पुढच्या वेळी रेल्सचा (रूबी भाषेतलं वेब-फ्रेमवर्क) कंटेनर, म्हणजे डॉकर ज्यात अ‍ॅप वेगळं बंदिस्त चालवतो तो डबा, सुरू होताच मरतो. लॉगमध्ये ‘अ सर्व्हर इज ऑलरेडी रनिंग’. चालू तर काहीच नसतं!

रेल्स वापरतो तो पोर्ट 3000 रिकामा होता. कॅशे टाळून इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) नव्याने बांधली, तरी तेच. डोकं फिरायची वेळ आली.

गोम अशी: सर्व्हर आपला प्रोसेस क्रमांक टीएमपी/पिड्स/सर्व्हर.पिड या फाईलीत लिहितो. कोडचं फोल्डर माउंट केलेलं (आपल्या मशीनवरून कंटेनरला जोडलेलं) असल्याने ती फाईल आपल्याच मशीनवर उरते. कंटेनरमध्ये हा क्रमांक बहुधा 1 असतो आणि 1 क्रमांकाची प्रोसेस तिथे कायम असतेच. म्हणून रेल्सला वाटतं, जुना सर्व्हर अजून चालूच आहे.

उपाय, याच क्रमाने:

1. एंट्रीपॉइंटची (कंटेनर सुरू होताना आधी चालते ती) बॅश स्क्रिप्ट करा. तिच्यात आधी ‘आरएम -एफ’ने सर्व्हर.पिड ही फाईल उडवा, शेवटी ‘एक्झेक "$@"’ लिहा; त्याने स्क्रिप्टच्या जागी रेल्सची आज्ञा चालते. एक्झेक गाळू नका, नाहीतर बंद होण्याचा सिग्नल रेल्सपर्यंत पोचत नाही.
2. डॉकरफाईलमध्ये (इमेज कशी बांधायची ते लिहिलेली फाईल) स्क्रिप्ट यूएसआर/बिनमध्ये कॉपी करून ‘सीएचमॉड +एक्स’ने ती चालवण्याची परवानगी द्या.
3. तिथेच एंट्रीपॉइंट म्हणून तिचं नाव लिहा. रेल्स सर्व्हरची आज्ञा सीएमडीतच (एंट्रीपॉइंटला दिली जाणारी आज्ञा) राहू द्या.
4. ‘डॉकर कंपोझ अप --बिल्ड’ चालवा, म्हणजे इमेज नव्याने बांधून कंटेनर सुरू होतो.

फाईल दरवेळी हाताने पुसूनही भागतं, पण टीममधल्या प्रत्येकाला ते कोण सांगत बसणार?