जुन्या चौकाची प्रकाशयोजना कशी आखावी: साताऱ्याच्या राजवाड्यासमोरील चौकाचे उदाहरण

साताऱ्याचा राजवाडा आणि त्यासमोरचे गांधी मैदान यांसारख्या जागी नवे दिवे बसवायचे ठरले की पहिला प्रस्ताव बहुधा हायमास्टचा, म्हणजे खूप उंच खांबावर लावलेल्या दिव्यांच्या झुबक्याचा, येतो. तो नाकारावा. उंचावरून सरळ खाली पडणाऱ्या झोताने जमीन उजळते. पण माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात, वाड्याचे सज्जे आणि कोनाडे सपाट दिसू लागतात आणि आसपासच्या घरांच्या माडीवर रात्रभर उजेड शिरतो. अशा चौकात प्रकाश किती आहे, यापेक्षा तो कुठून येतो आणि कशावर पडतो, याला अधिक महत्त्व आहे.

त्यामुळे आराखड्याआधी चौक रात्री पाहावा. खाद्यपदार्थांच्या गाड्या सुरू असताना एकदा आणि दुकाने मिटल्यावर पुन्हा एकदा लक्समीटर (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश लक्स या एककात मोजणारे उपकरण) घेऊन फिरावे आणि पायऱ्या, रस्ता ओलांडण्याच्या जागा, रिक्षा थांबतात ती बाजू अशा ठिकाणच्या नोंदी नकाशावर लिहाव्यात. चालण्याच्या वाटेवर साधारण 10 लक्स आणि पायऱ्यांवर 20 लक्सपर्यंत प्रकाश पुरतो. समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू यावा म्हणून जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, मीटर उभा धरूनही मोजावे. हे मोजमाप वगळले जाते आणि मग भरपूर दिवे असूनही चौक असुरक्षित वाटतो.

रंगाच्या बाबतीत तडजोड करू नये. 2700 ते 3000 केल्विनचा उबदार, पिवळसर प्रकाश घ्यावा (केल्विनचा आकडा वाढतो तसा प्रकाश पांढरा-निळसर होतो) आणि लाकूडकामासाठी रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे वस्तूचे रंग किती खरे दिसतात याचे 100 पैकी माप, 90 च्या आसपास असलेले दिवे निवडावेत, कारण 5000 केल्विनच्या पांढऱ्या प्रकाशात सागवान राखाडी आणि निर्जीव दिसते. शिवाय निळसर प्रकाशाकडे किडे अधिक ओढले जातात. पावसाच्या तोंडावर निघणारी पंखवाली वाळवी लाकडी वास्तूच्या जवळ आपणच बोलावणे योग्य नाही.

वाड्याच्या दर्शनी भागावर सर्वाधिक वेळ द्यावा. सज्जाला आधार देणाऱ्या कोरीव लाकडी हस्तावर (ब्रॅकेटवर) अगदी खालून झोत टाकला तर सावल्या वर सरकतात, फुलांच्या पाकळ्यांचा उठाव उलटा भासतो आणि कारागिराने दिवसाच्या उजेडासाठी केलेले काम वेगळेच दिसते. तोच दिवा थोडा दूर, एका बाजूला आणि तिरका ठेवला की कोरीवकामाची खोली परत येते. चुन्याच्या भिंतीला चिकटून लावलेला दिवा मात्र प्रत्येक डागडुजी आणि भेग ठळक करतो. तिथे अंतर वाढवून सौम्य प्रकाश द्यावा. संपूर्ण दर्शनी भाग सारखा उजळू नये. काही भाग अंधारात राहिला तरच उरलेल्याला आकार येतो. कोणत्याही दिव्यासाठी दगडात किंवा लाकडात छिद्र पाडू नये. पट्ट्यांनी आवळलेले किंवा जमिनीवर स्वतंत्र पायावर उभे केलेले आधार वापरावेत. वास्तू वारसा यादीत असेल तर लेखी परवानगीनंतरच काम सुरू करावे.

चौकातील खांब चार ते पाच मीटरचे पुरेत. दिव्याचा स्रोत थेट डोळ्यांवर येऊ नये म्हणून झाकण किंवा जाळी लावावी आणि खांबांच्या जागा ठरवताना गणेशोत्सवाच्या मिरवणुकीचा मार्ग मोकळा ठेवावा.

विद्युतकामात दिव्यांना किमान आयपी 65 दर्जा (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण), विजेच्या दाबातील अचानक उसळीपासून संरक्षण, वायरिंगच्या प्रत्येक शाखेला 30 मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच (वीज गळताच पुरवठा तोडणारे) आणि खात्रीचे अर्थिंग असावे. केबल पाइपातून न्यावी आणि शेजारी एक रिकामा पाइप पुरून ठेवावा, म्हणजे पुढे फरशी उखडावी लागत नाही. उत्सवकाळात मंडळांना लागणाऱ्या विजेसाठी स्वतंत्र, कुलूपबंद जोडणी सुरुवातीपासूनच द्यावी. ती नसेल तर आकडे टाकले जातात आणि ते जीवावर बेततात.

रात्री 11 नंतर दर्शनी भागाचे दिवे बंद करून वाटांवरचा प्रकाश निम्म्यावर आणणारे टायमर बसवावेत. आणि निविदा काढण्यापूर्वी दोन-तीन दिवे तात्पुरत्या तिवईवर लावून, फेरीवाले, दुकानदार आणि माडीवर राहणारे रहिवासी यांना सोबत घेऊन संध्याकाळी प्रत्यक्ष चाचणी करावी. दिव्यांच्या अंतिम जागा आणि कोन तिथे ठरलेलेच नकाशावर उतरवावेत.