‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असा फोन आला, तर या चुका टाळा

फोनवरचा माणूस अदबीने बोलतो. नाव सांगतो, एम्प्लॉयी आयडी सांगतो, विंडोजच्या टेक्निकल विभागातून बोलतोय म्हणतो. मग मुद्द्यावर येतो: तुमच्या कॉम्प्युटरकडून आमच्या सर्व्हरला सारख्या एरर येत आहेत, कुणीतरी तो हॅक केलाय, आत्ता दुरुस्त केला नाही तर सगळा डेटा जाईल.

विंडोज काही तांत्रिक माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवतं, हे खरं आहे. पण ती पाहून तिथला कुणी तुम्हाला फोन लावत नाही. ग्राहकाने मदत मागितल्याशिवाय आपण असे फोन करत नाही आणि आपल्या एरर मेसेजमध्ये कधीही फोन नंबर नसतो, असं मायक्रोसॉफ्टने जाहीरपणे सांगितलेलं आहे. तरीही लोक फसतात, आणि त्याचं कारण अडाणीपणा नाही. असे फोन करणाऱ्या टोळ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून त्यांचं काम यूट्यूबवर उघडं पाडणारा, जिम ब्राउनिंग या टोपणनावाने ओळखला जाणारा माणूस २०२१ मध्ये स्वतःच फसला. यूट्यूब सपोर्टचं सोंग घेतलेल्या भामट्यांनी त्याच्याच हातून त्याचं चॅनल डिलीट करवलं. पुढे ते परत मिळालं, पण ज्याला या धंद्याची खडान्‌खडा माहिती आहे तोही संभाषणाच्या ओघात वाहून जाऊ शकतो, हे त्यातून दिसलं. म्हणून ऐन वेळी विचार करून ठरवायचं, यावर भिस्त ठेवू नका. नियम आधीच ठरवून ठेवा: आपण न मागितलेल्या मदतीचा फोन आला की ठेवून द्यायचा.

चूक: बोलत राहणं

‘नको म्हणताना बरं दिसत नाही’ म्हणून बरेच जण ऐकत राहतात. काही जण उलट ‘बघू तर काय म्हणतो’ म्हणून वाद घालतात किंवा मुद्दाम त्याचा वेळ खातात. मला हे दोन्ही धोक्याचं वाटतं. समोरचा दिवसभर हेच करत असतो. तुम्ही घेण्याची शक्यता असलेल्या प्रत्येक शंकेचं उत्तर त्याच्यासमोर लिहिलेलं असतं. तुम्ही बोलता तेवढ्यात त्याला कळतं की नंबर चालू आहे, घरी एकटे आहात का, कोणती बँक वापरता. तो तुमचं नाव, पत्ता, कधी कधी कॉम्प्युटरचं मॉडेलही बरोबर सांगेल. ही माहिती चोरलेल्या याद्यांमधून विकत मिळते, त्यामुळे ती बरोबर असण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. स्क्रीनवर दिसणाऱ्या कंपनीच्या नावावरूनही नाही, कारण कॉलर आयडी खोटा दाखवता येतो. नमस्कार-निरोप न करता फोन ठेवणं यात कसलाही उद्धटपणा नाही.

चूक: त्याने दाखवलेला ‘पुरावा’ मानणं

सगळा खेळ इथे रंगतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तो सांगतो, विंडोज की आणि आर एकत्र दाबा, अमुक टाइप करा. उघडतो तो इव्हेंट व्ह्यूअर. त्यात लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण ओळीने भरलेले. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात ही विंडोजची रोजनिशी आहे. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद होते. ठणठणीत कॉम्प्युटरवरही अशा ढीगभर नोंदी असतात. त्यातल्या ‘डिस्ट्रिब्युटेडकॉम १००१६’ या फार वेळा दिसणाऱ्या नोंदीकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं, असं मायक्रोसॉफ्टनेच लिहिलं आहे. ही युक्ती जुनी आहे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या हितासाठी काम करणारी सरकारी संस्था) अशा सहा टोळ्यांविरुद्ध कोर्टाकडून मनाई मिळवली, तेव्हाही त्या टोळ्या लोकांना कॉम्प्युटरचा असाच एखादा निरुपद्रवी कोपरा उघडायला लावून ‘हे बघा इन्फेक्शन’ म्हणत होत्या.

दुसरा पुरावा त्याहून पटणारा. ‘तुमच्या कॉम्प्युटरचा खास लायसन्स नंबर माझ्याकडे आहे, जुळतो का बघा’ म्हणत तो काळ्या खिडकीत ‘असॉक’ ही कमांड द्यायला लावतो आणि यादीच्या शेवटी दिसणारा लांबलचक क्रमांक वाचून दाखवतो. ८८८ ने सुरू होणारा तो क्रमांक तंतोतंत जुळतो, कारण तो जगातल्या प्रत्येक विंडोजवर तोच असतो. ‘सेंड टू’ मेनूशी संबंधित ती एक अंतर्गत खूण आहे. लायसन्सशी तिचा संबंध नाही.

तिसरा म्हणजे ‘नेटस्टॅट’, कॉम्प्युटरची चालू कनेक्शन दाखवणारी कमांड. त्यात ‘फॉरेन अॅड्रेस’ असा रकाना येतो आणि तो म्हणतो, हे बघा परदेशातले हॅकर. तिथे फॉरेनचा अर्थ इतकाच की कनेक्शनचं दुसरं टोक, म्हणजे तुम्ही उघडलेली वेबसाइट किंवा मेलचा सर्व्हर. बंद असलेल्या सर्व्हिसेसची, म्हणजे मागे चालणाऱ्या प्रोग्रामची, यादी दाखवून ‘सिक्युरिटी बंद पडली’ म्हणणं हाही त्यातलाच प्रकार. विंडोजच्या कित्येक सर्व्हिसेस गरज पडली तरच चालू होतात.

चूक: रिमोट अॅक्सेस देणं

इथवर फक्त बोलणं झालेलं असतं, नुकसान झालेलं नसतं. खरी सीमारेषा ही आहे. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर हे दुरून कॉम्प्युटर चालवू देणारे प्रोग्राम स्वतः प्रामाणिक आहेत, ऑफिसचे आयटीवाले रोज वापरतात. म्हणूनच अँटीव्हायरस त्यांना अडवत नाही. स्क्रीनवरचा आकडा वाचून दाखवला आणि ‘अॅक्सेप्ट’ दाबलं की तुमचा माउस आणि कीबोर्ड त्याच्या हातात गेला. तो स्क्रीन काळी करून मागे काम करू शकतो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड पाहू शकतो, तुम्ही नसताना पुन्हा शिरता येईल अशी सोय करून ठेवू शकतो. पूर्वी हे भामटे ‘सिसकी’ नावाच्या विंडोजच्याच सुविधेने पासवर्ड टाकून अख्खा कॉम्प्युटर ओलीस धरायचे. २०१७ मध्ये विंडोज १० मधून ती सुविधा काढली गेली.

ऑफिसात काम करणाऱ्यांनी एक प्रकार विशेष लक्षात ठेवावा. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याबद्दल इशारा दिला होता. आधी तुमच्या इनबॉक्समध्ये नकोशा मेलचा पूर येतो. थोड्या वेळाने फोन येतो, ‘आयटी डिपार्टमेंटमधून बोलतोय, तुमचा स्पॅम थांबवून देतो’. त्रास खरोखरच चालू असल्यामुळे माणूस हायसं वाटून विंडोजमधलंच क्विक असिस्ट (दुरून मदत घेण्याचा प्रोग्राम) उघडतो आणि सांगितलेला कोड टाकतो. यातून पुढे रॅन्समवेअरपर्यंत, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागण्यापर्यंत, प्रकरण गेलेलं आहे. असा फोन आला तर ठेवा आणि आयटीच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन करा.

चूक: ‘रिफंड’ला भुलणं

काही जण दुरुस्तीऐवजी पैसे परत देण्याच्या नावाने येतात: सपोर्टची मुदत संपली, रक्कम परत करायची आहे, बँकेत लॉगिन करा. रिमोटवरून ते ब्राउझरमध्ये दिसणारा बॅलन्सचा आकडा तेवढ्यापुरता बदलतात, किंवा तुमच्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे सरकवतात. मग रडारड सुरू: ‘चुकून एक शून्य जास्त पडलं, माझी नोकरी जाईल, जास्तीचे परत करा.’ सज्जन माणूस इथेच अडकतो. आकडा खरा आहे का हे त्या कॉम्प्युटरवर तपासूच नका. दुसऱ्या फोनवरून बँकेला विचारा. गिफ्ट कार्डच्या मागचा नंबर किंवा क्रिप्टोकरन्सी मागितली, तर पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. सपोर्ट किंवा रिफंडसाठी कुठलीही खरी कंपनी असे पैसे मागत नाही.

चूक: स्क्रीनवरच्या किंवा सर्चमध्ये सापडलेल्या नंबरवर फोन करणं

पूर्ण स्क्रीन भरून इशारा, भोंग्यासारखा आवाज, मधोमध हेल्पलाइन नंबर. हे फक्त एक वेबपेज असतं. एस्केप दाबून धरा. हललं नाही तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा. मॅकवर कमांड-ऑप्शन-एस्केप. पुन्हा उघडताना ‘आधीची पेजेस परत आणू का’ विचारलं तर नाही म्हणा. कोपऱ्यात सारखे इशारे येत राहिले, तर बहुधा कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली आहे. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती काढा.

सर्चमध्ये वर दिसणारे ‘कस्टमर केअर’ नंबरही विश्वासाचे नाहीत, भामटे जाहिराती विकत घेतात. कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा किंवा बिलावरचा नंबर वापरा.

अॅक्सेस देऊन झाला असेल तर

लाजेने गप्प बसणं आणि ‘बघू, काही होतंय का’ म्हणत थांबणं, या चुकीने सगळ्यात जास्त पैसे जातात. आधी इंटरनेट तोडा: केबल काढा, वायफाय बंद करा, सापडत नसेल तर सरळ राउटरचा प्लग काढा. तो फोनवर असेल तर तोही कट करा. लगेच दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि स्पष्ट सांगा की कॉम्प्युटरचा ताबा परक्याकडे होता. नुसतं ‘व्यवहार चुकला’ म्हणू नका. गिफ्ट कार्ड दिलं असेल तर कार्ड आणि पावती जपून ठेवून ते देणाऱ्या कंपनीला ताबडतोब फोन करा.

पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून बदलू नका. दुसऱ्या डिव्हाइसवरून आधी ईमेलचा बदला, कारण बाकी सगळे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात. मग बँक, मग उरलेले, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. मेलमध्ये कुणी फॉरवर्डिंग (तुमचे मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची सोय) लावून ठेवलंय का, तेही बघा. रिमोटचा प्रोग्राम काढून टाका आणि विंडोजमधल्या डिफेंडर या अँटीव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन चालवा. पण तो माणूस बराच वेळ आत असेल, तर माझं स्पष्ट मत: महत्त्वाच्या फाइल्स बाजूला काढून विंडोज नव्याने टाका. स्कॅनमध्ये काही सापडलं नाही, यावर तेव्हा विसंबू नये. पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार करताना नंबर, वेळा आणि स्क्रीनशॉट सोबत द्या.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हे घडलं असेल तर ‘एवढंही कळलं नाही का’ हे वाक्य तोंडातून काढू नका. एकदा बोलणी खाल्लेला माणूस पुढच्या वेळी सांगतच नाही. आणि पुढची वेळ येते. फसलेल्यांचे नंबर पुन्हा विकले जातात. काही आठवड्यांनी ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो’ म्हणणारा वकील, अधिकारी किंवा हॅकर फोन करतो आणि आधी थोडी फी मागतो. त्यालाही पैसे देऊ नका. तो नंबर पहिल्या तक्रारीला जोडा.