दोनशे किलोमीटर बसवेल अशी सीट

पहिल्या 200 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, चांदवडच्या पुढे राहुड घाटात मी सायकलवरून खाली उतरले. पाय ठणठणीत होते, दम शिल्लक होता, साडेतेरा तासांच्या मुदतीतले जेमतेम चार तास गेले होते. पण बसायची जागा बधिर झाली होती. दुखत नव्हती, तर तिथे काही आहे हेच कळत नव्हतं. पुढचं बरंचसं अंतर मी उभ्याने पेडल मारत काढलं आणि नंतर दोन दिवस शाळेत खुर्चीवर बसताना आधी हात टेकवून मग अंग टेकवत होते.

बरोबरच्या बायकांना विचारलं तर एकच उत्तर आलं : "होतं गं तसं, सवय होते." हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी कितीतरी जणी रोडबाईक विकून टाकतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हाडांना दुखणं आणि मधल्या नाजूक भागाला बधिरपणा येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण बसतो ती कमरेच्या हाडाच्या खालच्या दोन उंचवट्यांवर. रायडर मंडळी त्यांना सिटबोन्स म्हणतात. नवीन सीटवर पहिले दोन-तीन आठवडे ते उंचवटे ठणकतात आणि मग बसतं सगळं. याची सवय खरंच होते. बधिरपणाची मात्र होत नाही, होऊही देऊ नये. दोन हाडांच्या मधल्या भागातून मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात, त्यांच्यावर भार आला की आधी मुंग्या येतात आणि मग संवेदना जाते. पुरुषांनाही हे होतं आणि तेही बोलत नाहीत. मुंग्या आल्या की सीटवरून उठायचं, थांबायचं. राइड संपल्यावरही बधिरपणा उरला तर डॉक्टरांना दाखवायचं. यात लाजायचं काही नाही.

त्या बीआरएमनंतर मी दुकानात गेले. त्यांनी सीटवर जेलचं कव्हर चढवून दिलं. अंगठ्याने दाबलं की छान दबायचं. त्र्यंबकला जाऊन येईपर्यंत, म्हणजे साठेक किलोमीटरात, त्रास आधीपेक्षा वाढला. कारण समजून घ्या, म्हणजे पैसे वाचतील. मऊ गादीत हाडं रुततात आणि हाडांनी बाजूला सारलेला जेल मधे वर येतो, नेमका जिथे दाब नको तिथे. पाटावर बसून अख्खी पंगत जेवता येते, पण ढिला पडलेल्या सोफ्यावर तासभर बसलं की माणूस चुळबुळ करायला लागतं. सायकलचंही तसंच. हाडांखाली घट्ट आधार हवा आणि मधे मोकळीक. मग मी एक रुंद, फुगीर सीट घेतली. तिने हाडांना बरं वाटलं, पण पेडल मारताना मांड्यांची आतली बाजू घासून सोलवटली. दोन्ही वेळा चूक तीच होती. मी माप न घेता विकत घेत होते.

माप घरी घेता येतं. मी पाटावर घेतलं. एखाद्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घ्या, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत आणि आत नागमोडी थर असलेला. पाट भिंतीपासून लांब ठेवा, त्यावर पुठ्ठा. पातळ कपड्यांत, खिसे रिकामे करून त्यावर बसा. पाट बुटका असल्याने गुडघे आपोआप वर येतात, ते चांगलंच. आता हँडल धरल्यासारखं पुढे वाका, दोन्ही पाय किंचित उचलून भार खाली जाऊ द्या आणि दहा-पंधरा सेकंद हलू नका. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. पहिल्यांदा मला नीट दिसेनात, म्हणून शाळेतला रंगीत खडू आडवा धरून अलगद फिरवला. सपाट भागाला रंग लागला आणि खळगे पांढुरके राहिले, अंगठा दाबल्यासारखे लांबट. त्यांच्या मध्यावर पेनने ठिपके काढले आणि पट्टी लावली : 128 मिलिमीटर. खात्रीसाठी आणखी दोनदा केलं, 127 आणि 129 आलं.

बहुतेक मोठ्या माणसांचं हे माप 100 ते 150 मिलिमीटरच्या दरम्यान येतं. सरासरीने बायकांचं थोडं जास्त, पण दिसण्यावरून किंवा वजनावरून अंदाज बांधू नका. हाडं आहेत ती, बाहेरून कळत नाहीत. या मापात साधारण 20 ते 25 मिलिमीटर मिळवा, म्हणजे सीटची रुंदी कुठून शोधायला लागायचं ते कळतं. हँडल बरंच खाली असेल आणि तुम्ही वाकून चालवत असाल तर थोडं कमी मिळवा, कारण पुढे झुकल्यावर भार हाडांच्या पुढच्या, एकमेकांजवळ येणाऱ्या भागावर जातो. ताठ बसत असाल तर 30 किंवा त्याहून जास्त. माझा हिशोब 153 चा आला, आणि सायकलबरोबर आलेली सीट होती 143 ची. म्हणजे हाडांच्या कडा अधांतरी आणि सगळा भार मधे. तीच 143 ची सीट मी भाच्याला दिली. त्याचं माप 116 आलं होतं आणि त्याला ती इतकी जमली की दोन पावसाळे झाले, अजून बदललेली नाही. सीट वाईट नव्हती, माझी नव्हती.

रुंदीचा आकडा मिळाला की आकार बघा. इथे घाई करू नका. सीट डोळ्यांच्या पातळीला धरून मागून पाहा. काही पाठीवरून सपाट असतात, काही घोड्याच्या पाठीसारख्या गोल उतरतात. 155 लिहिलेल्या गोल सीटवर कडेचा बराच भाग उतरता असतो, त्यावर हाड टेकतच नाही. दुकानात आपला पुठ्ठा घेऊन जा, सीटवर धरा आणि दोन्ही ठिपके सपाट, भरीव जागेवर पडतात का ते बघा. लोक बघतील, बघू देत.

मधे खाच किंवा आरपार भोक असलेली सीट मला मानवली. हँडलचा खालचा भाग धरून वाकलं की कंबर पुढे कलते आणि तिथेच मोकळीक लागते. पण काही जणींना त्या भोकाच्या कडाच टोचतात. त्यांनी आरपार भोकाऐवजी उथळ पन्हळ असलेली बघावी. हल्ली आखूड टोकाच्या सीटा खूप निघाल्या आहेत, 240-250 मिलिमीटर लांबीच्या, जुन्या वळणाच्या 270-280 च्या असत. खाली वाकणाऱ्यांना आखूड टोक फार सोयीचं. लांबच्या राइडवर सारखं पुढे-मागे सरकून बसणाऱ्यांना मात्र जागा कमी वाटते.

चामड्याच्या सीटबद्दल बरेच जण विचारतात, विशेषतः ब्रुक्सच्या बी-17 बद्दल. ताणून बसवलेलं जाड चामडं हळूहळू आपल्या हाडांचा आकार घेतं, आणि तशी घडलेली सीट लोक वर्षानुवर्षं वापरतात. ती रुंद असते, 170 मिलिमीटरच्या पुढे, आणि वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास. ताठ बसून लांब पल्ला मारणाऱ्यांना शोभते. पण आमच्याकडे इगतपुरीच्या बाजूचा पाऊस तुम्ही पाहिला असेल. भिजलेल्या चामड्यावर बसून तासन्‌तास चालवलं तर ते कायमचं सैल पडतं. कव्हर जवळ बाळगण्याची आणि चामड्याला वेळच्या वेळी मेण देण्याची तयारी असेल तरच घ्या.

विकत घेण्याआधी एक तपासा. सीटखालच्या रेल, म्हणजे ती जिच्यावर बसते त्या दोन दांड्या, बहुतेक 7 मिलिमीटरच्या गोल असतात, कार्बनच्या मात्र उभट, 7 बाय 9 च्या. या उभट रेल प्रत्येक सीटपोस्टच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) क्लॅम्पमध्ये, म्हणजे पकडीत, बसत नाहीत. जुनी सीट घेत असाल तर खालच्या बाजूला चीर आणि रेलला वाक आहे का ते पाहा. शक्य असेल तर आधी मैत्रिणीची मागून आणा. निदान दोन तासांच्या तीन राइड करा. सोसायटीच्या आवारात दोन चकरा मारून काहीही कळत नाही.

योग्य सीटही चुकीची लावली तर छळते, तेव्हा बसवण्याकडे नीट लक्ष द्या. जुनी काढण्याआधी पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा (माझी 68.5 सेंटिमीटर). नव्या सीटची जाडी वेगळी असते, त्यामुळे सीटपोस्ट तिथेच ठेवलं तरी उंची बदलते. पुढे-मागे लावताना टोकाला टोक जुळवू नका. जुनी लांब आणि नवी आखूड असेल तर सगळा हिशोब चुकतो. दोन्ही सीटांवर जिथे रुंदी 80 मिलिमीटर भरते तिथे पेन्सिलची खूण करा आणि त्या खुणा हँडलपासून सारख्या अंतरावर आणा. मग सीटवर एक कडक पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवून त्यावर मोबाइलचं लेव्हल ॲप लावा. सुरुवात सपाट. पुढे दाब वाटला तर टोक अर्धा-एक अंश खाली, बस्स. जास्त खाली केलं की अंग पुढे घसरतं आणि तो भार मनगटांवर येतो. एका वेळी एकच गोष्ट बदला.

दुखणं कुठे आहे त्यावरून पुष्कळ कळतं. मांड्या घासत असतील तर टोक फार रुंद आहे किंवा सीट उंच आहे. उंच सीटवर पेडल खाली जाताना कंबर डावी-उजवी डुलते, मागून कुणाला तरी बघायला सांगा. माकडहाड दुखत असेल तर टोक वर उचललेलं असण्याची शक्यता मोठी. एकाच बाजूला दुखत असेल तर आधी सीट सरळ रेषेत आहे का ते बघा. ती सरळ असूनही थांबलं नाही तर दोन पायांच्या लांबीत फरक असू शकतो, तिथे फिटिंग करणाऱ्या जाणकाराकडे जावं.

आणि कपडे. पॅडेड शॉर्ट्सच्या आत काहीही घालायचं नाही, त्यातल्या शिवणीच कातडी सोलतात. हे मला कुणी वर्षभर सांगितलंच नव्हतं. पाळीच्या दिवसांत पॅडच्या कडा तसंच घासतात. मला मेन्स्ट्रुअल कपने फार सुटका मिळाली. लांब राइडला आधी कातडी घासू नये म्हणून क्रीम लावा आणि दर पंधरा मिनिटांनी वीसेक सेकंद उभं राहून पेडल मारा, सीट कितीही चांगली असली तरी.

मी हे सगळं एका वहीत लिहिते : तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठे दुखलं. नव्या 155 च्या सीटच्या चौथ्या राइडची नोंद अशी आहे : "त्र्यंबक, 61 किमी. टोक अर्धा अंश खाली. हाडं थोडी दुखली, उजवं जास्त. मुंग्या नाहीत. घरी आल्यावर क्लॅम्पचा बोल्ट पाव फेरा सैल निघाला, घट्ट केला."