टायटॅनियमच्या स्कॅफोल्डवर लेसर आणि पातळ लेप

शिवाजी विद्यापीठात पातळ थरांचे काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा हात बहुधा काचपट्टीवर बसलेला असतो आणि हाडाच्या स्कॅफोल्डवर, म्हणजे नवे हाड वाढण्यासाठी आधार देणाऱ्या सच्छिद्र सांगाड्यावर, नेमकी तीच सवय आडवी येते. काचपट्टी सपाट असते; स्कॅफोल्डमधली सुमारे ३०० ते ६०० मायक्रोमीटरची छिद्रे मात्र शेवटपर्यंत मोकळी राहावी लागतात, कारण पेशी आणि रक्तवाहिन्या त्यांतूनच आत शिरतात.

नमुना अॅसिटोन, इथेनॉल आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये क्रमाने अल्ट्रासॉनिक बाथमधून काढावा, वाळवावा आणि वजन करून ठेवावे.

लेप नीट धरावा म्हणून पृष्ठभागावर आधी लेसरने बारीक खाचा कोरतात. त्यासाठी महागडी सोय नसली तरी सुरुवात अडत नाही. उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत सुट्या भागांवर नाव-नंबर कोरणारे १०६४ नॅनोमीटरचे फायबर लेसर मशीन प्राथमिक चाचण्यांना पुरते. आधी स्कॅफोल्डच्याच टायटॅनियम मिश्रधातूच्या सपाट तुकड्यावर वेग आणि शक्ती बदलत चौकटी कोराव्यात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, जेथे बारीक खाचा दिसतात पण वितळून थिजलेल्या धातूचे गोळे दिसत नाहीत, ती चौकट निवडावी. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्या तरंगलांबीचा चष्मा आणि धूर ओढणारा पंखा यांवाचून मशीन सुरू करू नये.

लेसर फक्त समोर दिसणाऱ्या पृष्ठभागावर पोहोचतो. आतल्या दांड्या कोऱ्याच राहतात आणि त्यांची भिस्त लेपावरच असते. शिवाय नुकताच कोरलेला पृष्ठभाग पाणी चटकन ओढून घेतो, पण हवेतील सेंद्रिय अंश चिकटल्याने काही दिवसांत तोच पाणी झटकू लागतो. म्हणून लेप त्याच दिवशी द्यावा. माझ्या मते निम्मे अपयश या दिरंगाईतच असते.

लेप हायड्रॉक्सिअॅपेटाइटचा, म्हणजे हाडातल्या कॅल्शियम-फॉस्फेट खनिजाचा असतो. द्रावणाचा जेल होऊन थर बसतो अशा सोल-जेल पद्धतीत कॅल्शियम आणि फॉस्फरसचे मोलर प्रमाण १.६७ ठेवावे. नमुना बुडवून सावकाश वर काढावा, कारण वेग वाढला की थर जाड होतो. वर काढताच उजेडासमोर धरला, तर एखाद्या छिद्रावर साबणाच्या फुग्यासारखा पडदा ताणलेला दिसतो. तो हवेच्या झोताने लगेच फोडावा, अन्यथा भट्टीत तो तेथेच पक्का होतो. जुलैच्या कोल्हापुरी पावसात कॅल्शियम नायट्रेट हवेतील ओल ओढते आणि थर चिकट राहतो, म्हणून तो डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, वाळवून मगच ५०० ते ६०० अंशांवर भाजावा. हायड्रॉक्सिअॅपेटाइट टायटॅनियमपेक्षा जास्त प्रसरण पावते. त्यामुळे जाड लेप थंड होताना तडकतो.

स्कॅफोल्ड टायटॅनियमऐवजी पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लॅस्टिकसारख्या बहुवारिकाचा असेल, तर तो सुमारे ६० अंशांवरच वितळतो, त्यामुळे तेथे भट्टीचा विषय संपतो. असा नमुना ३६.५ अंश तापमान आणि ७.४ सामू असलेल्या कृत्रिम शरीरद्रवात, म्हणजे रक्तद्रवासारखे क्षार असलेल्या द्रावणात, ठेवून लेप वाढवावा. द्रव प्लॅस्टिकच्या भांड्यात बनवावा आणि गढूळ झाल्यास फेकून द्यावा.

शेवटी पुन्हा वजन करावे, चिकटपट्टी दाबून ओढून लेप सुटतो का ते पाहावे आणि डबीवर लेसरची व लेपाची वेळ वेगवेगळी लिहावी.