ल्यूर बदलू नका, हात आवरा: माँक्सव्हिलच्या पाण्यात या चुका टाळा

मे उजाडला की फोन सुरू होतात. "दादा, ल्यूर कुठलं घेऊ?" ल्यूर म्हणजे मासा फसवायचं नकली आमिष. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा पार्सिपनीहून कुणीतरी मासे गरवायला नवा रॉड घेतलेला असतो. पाणी किती खोल, वारा कुठून, हे तो विचारत नाही. रंग विचारतो. ल्यूरचे रंग माशांपेक्षा गिऱ्हाईक पकडायला जास्त उपयोगी पडतात, असं माझं मत आहे आणि ते बदलण्यासारखं अजून काही घडलेलं नाही.

मी गरवतो उत्तर न्यू जर्सीतल्या माँक्सव्हिल जलाशयावर. 505 एकर पाणी. 1980च्या दशकात धरण झालं तेव्हा माँक्सव्हिल नावाची जुनी वस्ती पाण्याखाली गेली. उजनीत जुनं पळसदेव गेलं, तसंच. बुडालेली झाडं अजून उभी आहेत, वाळकी डोकी वर काढून. इथले माझे मासे दोन: खडकाळ तळाला राहणारा स्मॉलमाउथ बास आणि सरकारी हॅचरीतली पिल्लं सोडून वाढवलेला वॉलआय.

रीळ फिरवत सुटणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेली गरी, तिला रबरी शेपटी. ती टाकली की लोक लगेच ओढायला लागतात. अहो, तिला खाली तर जाऊ द्या! मासा बहुतेक वेळा ती पडत असतानाच तोंड लावतो. आणि हिसका वगैरे काही बसत नाही. तंगूस जरासा थरथरतो, किंवा बाजूला सरकतो, किंवा नुसता ढिला पडतो.

म्हणून मी मोजतो. 1/8 औंसाची जिग साधारण सेकंदाला फूटभर उतरते. एका जागी दोनदा टाकून बघितली, दोन्ही वेळा बारा मोजल्यावर तळ लागला. तिसऱ्यांदा आठालाच तंगूस ढिला पडला, तर तिथे तळ वर आलेला नाही, कुणीतरी जिग तोंडात धरलीय. मारा हिसका. नवशिक्या मात्र म्हणतो, "आज लवकर टेकली वाटतं," आणि पुढे फिरवत राहतो.

एका ऑक्टोबरात एक मित्र माझ्या बोटीत होता. एकच जिग, एकच रंग, एकच खडकाचं टोक. मला पाच मासे, त्याला शून्य. त्यानं रंग बदलला, मग शेपटी, मग वासाच्या बाटलीतलं काहीतरी चोळलं. बोटीत दोन दिवस तो वास होता. शेवटी म्हणाला, "तुझा रॉड चांगला आहे." रॉड बदलून घेतले. त्याच्या रॉडवर मला सहावा लागला.

मी त्याच्या हाताकडे बघत होतो. डावा हात रहाटाला जुंपल्यासारखा फिरत होता. मग मी थर्मासमधला चहा ओतला आणि कप त्याच्या त्याच हातात दिला. "हा संपेपर्यंत रिळाला हात लावायचा नाही. रॉडचं टोक हळूच वर घे, खाली सोड, थांब." अर्धा कप झाला असेल, तंगूस डावीकडे चालायला लागला. त्यानं कप सोडला, तो थेट माझ्या पँटवर, आणि रॉड उचलला. स्मॉलमाउथ दोनदा पाण्याबाहेर उडाला. काठीवर मोजला तर सतरा इंच. तेव्हापासून नवीन माणूस बोटीत आला की मी आधी चहा देतो. याला पद्धत म्हणा नाहीतर खोड.

वॉलआयसाठी दुपारी येणं

डबा, मुलं, छत्री घेऊन अकराला पोचायचं आणि सहाला "इथे वॉलआय नाहीतच" म्हणून निघायचं. वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा प्रकाश परतवणारा थर असतो. अंधुक उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला नीट दिसत नाही, म्हणून तो तेव्हाच काठाकडे येतो. तुम्ही गाडीत सामान भरता तेव्हा मी लांबट जर्कबेट, म्हणजे झटके देऊन ओढायचं ल्यूर, बांधत असतो. खडकाच्या कडेनं दोन झटके, मग थांबायचं. इतकं थांबायचं की कंटाळा यायला हवा. दिवसाच यायचं असेल तर ढगाळ, वाऱ्याचा दिवस निवडा आणि लाटा आपटतात त्या काठावर टाका. मला माहीत आहे, तुम्ही शांत पाण्याचाच काठ निवडणार, कारण तिथे खुर्ची नीट बसते.

अंगठा तोंडात घालणं

बास खालच्या ओठाला अंगठ्यानं धरतात, त्याचे दात कानशीसारखे बारीक असतात. वॉलआयला सुळे आहेत. पहिला वॉलआय मीही बाससारखाच धरला होता. अंगठ्यावरची खूण अजून आहे. त्याला जाळ्यात घ्या आणि पक्कडीनं गरी काढा. कल्ल्याच्या झाकणाची धार आणि पाठीचे काटेही सांभाळा.

बाकीच्या, भराभर

गाठ कोरडी आवळू नका, थुंकी लावा. गरी नखावर टेकवा. घसरली तर बोथट आहे. तीन-तीन गऱ्यांचं क्रँकबेट (रीळ फिरवलं की बुडी मारत पोहणारं ल्यूर) उभ्या झाडांत फेकू नका, झाडांकडे माझीच भरपूर आहेत. उन्हाळ्यात सगळ्यात खोल जागी ल्यूर सोडून बसू नका: वरचं ऊन पाणी आणि खालचं गार पाणी मिसळत नाही, खालच्या थरातला प्राणवायू कमी होत जातो, मासे त्याच्या वरच राहतात. खूप खोलातून मासा भरभर वर ओढला तर त्याचं पोट फुगतं, सोडला तरी तरंगत राहतो. सोडायचाच असेल तर तितक्या खोल गरवूच नका.

आणि कायदा. 16 ते 69 वयाला परवाना लागतो. 15 एप्रिल ते 15 जून बास पकडला तरी सोडावाच लागतो, तेव्हा तो अंड्यांवर असतो. वॉलआयची किमान लांबी आणि रोजची संख्या त्या वर्षीच्या सरकारी पुस्तिकेत बघून या, मला रात्री अकराला मेसेज करून नको. घरी नेलात तर रव्यात तळलेला झकास लागतो, काटेही कमी. पण पाऱ्यामुळे किती वेळा खावा याच्या राज्याच्या सूचना आहेत, गर्भवती बायका आणि लहान मुलांसाठी जास्त कडक. त्या वाचल्याशिवाय सासूबाईंना फोटो पाठवू नका, त्या लगेच मसाला वाटायला घेतात.